जुन्या प्रिंटरची भाषा

'जुने ते सोने' अशी एक म्हण आपल्याकडे आहे, आणि 'नव्याचे नऊ दिवस' अशी दुसरी. पहिली वडील मंडळींच्या तोंडी नेहमी असते. आणि घरात आलेले नवे उपकरण बिघडले म्हणजे दुसरीही त्यांच्याच तोंडी येते. तरुण मंडळींस ह्या दोन्ही म्हणी सारख्याच कंटाळवाण्या वाटतात. यंत्रांच्या बाबतीत ह्या दोहोंपैकी खरी कोणती, असे कोणी आम्हांस विचारील, तर आम्ही म्हणू की, यंत्राचे वय ही गोष्ट गौण आहे. ते यंत्र कोणती भाषा बोलते, आणि ती भाषा जाणणारे कोणी उरले आहे काय, हे आधी पाहावे. आमच्या शाळेच्या कचेरीतील दोन जुन्या प्रिंटरांनी आम्हांस हा धडा दिला. तो वृत्तान्त येथे सांगण्याचे योजिले आहे. कारण वाचकांपैकी कित्येकांच्या घरी, दुकानात अथवा कचेरीत असाच एखादा प्रिंटर कापडाखाली झाकून ठेवलेला असेल, आणि त्याच्या नशिबी काम की भंगार, ह्याचा निकाल लवकरच लागावयाचा असेल.

प्रथम ह्या दोघांची ओळख करून देतो. थोरला आहे तो डॉट मॅट्रिक्स. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो शाळेत आला. त्याच्या डोक्यात बारीक पिना असतात. त्या शाईच्या रिबनीवर आपटतात, कागदावर ठिपके उमटतात, आणि ठिपक्यांची अक्षरे होतात. त्याचा आवाज असा की, कचेरीत छपाई सुरू झाली म्हणजे शेजारच्या वर्गातील शिक्षकांनी खडू खाली ठेवून स्वस्थ उभे राहावे. दोन्ही कडांस छिद्रे असलेला लांबच लांब कागद तो आपणच ओढून घेतो. मध्ये कार्बन घातला तर एकाच ठोक्यात दोन-तीन प्रती काढतो. आम्ही नोकरीस लागलो तेव्हा प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाईलवर निघत असत. त्या वेळी ह्याची रिबन काढून ठेवावयाची, आणि नुसत्या पिनांनी मेणाच्या स्टेन्सिलवर अक्षरे कोरून घ्यावयाची, असा प्रघात होता. धाकटा आहे तो लेसर प्रिंटर. तो २००६ साली आला. त्याचा आवाज नाही, अक्षर मोत्यासारखे, आणि कागद बाहेर येतो तो उबदार. शाळा सोडल्याचे दाखले, बोनाफाईड, पालकांस पाठवावयाची पत्रे, ही सर्व नाजूक कामे त्याच्याकडे गेली. आणि पगारपत्रके व निकालाचे लांब तक्ते थोरल्याकडे राहिले.

सन २०२४ च्या जून महिन्यात कचेरीतील संगणकाने अखेरचा श्वास घेतला. सुदैवाने काही माजी विद्यार्थ्यांनी शाळेस नवा संगणक भेट दिला. दहावीच्या गुणपत्रिका हाती आल्या होत्या, आणि दाखल्यांसाठी कचेरीच्या दारापाशी रांग लागली होती. नवा संगणक मांडला गेला, चालू झाला, शाळेच्या नोंदी त्याच्यात उतरविल्या गेल्या. परंतु दोहोंपैकी एकही प्रिंटर त्याच्या ओळखीचा निघेना. थोरल्याची केबल ज्या रुंद खोबणीत बसते, ती खोबणच नव्या संगणकास नव्हती. धाकट्याची केबल नीट बसली, परंतु पडद्यावर 'अनोळखी उपकरण' एवढीच अक्षरे उमटली.

दुरुस्तीसाठी गावातील कारागिरास बोलाविले. त्याने दोन्हींकडे पाहिले आणि सांगितले, "ह्यांचे ड्रायव्हर आता मिळत नाहीत. नवा घ्या, हे भंगारात द्या." आमच्या कचेरीतील भाऊसाहेब निवृत्तीस आले आहेत. त्यांनी थोरल्यावरचे कापड सारखे केले आणि म्हणाले, "सर, हा माझ्याआधी शाळेत आला. ह्याला काढायचा तर आधी मला काढा." कारागीर हसला, भाऊसाहेब हसले नाहीत.

नवा प्रिंटर घेण्यास पैसा लागतो, आणि शाळेच्या खर्चास मंजुरी मिळण्यास दिवस लागतात. बाजारातील दुकानात दाखले छापून घ्यावे, अशी सूचना पुढे आली. परंतु जनरल रजिस्टरात मुलांच्या जन्मतारखा, जाती, आईबापांची नावे व पत्ते असतात. ते सर्व परक्या दुकानाच्या संगणकात सोडून येणे आम्हांस प्रशस्त वाटेना. भाऊसाहेब हाताने दाखले लिहू लागले. त्यांची दृष्टी अधू झालेली. सकाळपासून दुपारपर्यंत मोजकेच दाखले झाले. रांगेत एक मुलगी आपल्या वडिलांसह दूरच्या खेड्यातून आली होती. तंत्रनिकेतनात प्रवेश घेण्यासाठी तिला दाखला हवा होता, आणि वडील दिवसाची मजुरी बुडवून आले होते. "उद्या या," असे त्यांस सांगणे सोपे होते. त्या सोप्या शब्दांची किंमत मात्र त्यांस भरावी लागणार होती.

तेव्हा आम्ही एका माजी विद्यार्थ्यास निरोप धाडला. तो संगणकशास्त्र शिकून जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करतो. तो आला, आणि संगणकाकडे न वळता प्रथम प्रिंटरांकडे गेला. थोरल्याचे एक बटण दाबून धरून त्याने वीज चालू केली. संगणकाचा कोणताही संबंध नसता त्या प्रिंटरने आपल्या पोटातील सारी इंग्रजी अक्षरे ओळीने छापून दाखविली. मग धाकट्याचेही बटण दाबले. त्यानेही एक परीक्षापत्र स्वच्छ छापून बाहेर टाकले. "सर," तो म्हणाला, "दोघांचेही हातपाय शाबूत आहेत. अडले आहे ते बोलण्यात."

विद्यार्थिमित्रांनो, ही रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. प्रिंटर छापीत नाही, ह्या एका तक्रारीच्या पोटात तीन निरनिराळे प्रश्न असतात. प्रिंटर स्वतः धडधाकट आहे काय? संगणकाचा शब्द केबलमधून त्याच्यापर्यंत पोहोचतो काय? आणि पोहोचलेला शब्द त्यास कळतो काय? ह्या तीन प्रश्नांची गल्लत केली म्हणजे उत्तर एकच निघते, आणि ते म्हणजे भंगार. ते वेगळे केले म्हणजे बहुधा एकाचेच उत्तर 'नाही' असे येते.

थोरल्याची अडचण दुसऱ्या प्रश्नाची होती. अमेरिकेतील सेंट्रॉनिक्स नावाच्या मंडळीने १९७० साली एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर विक्रीस काढला. त्याच्या पाठीवरील ३६ संपर्कांची खोबण पुढे साऱ्या जगाने उचलली. आय.बी.एम.ने १९८१ साली आपला घरगुती संगणक काढला, तेव्हा संगणकाच्या बाजूस त्याच कामासाठी २५ छिद्रांची खोबण बसविली. ह्या केबलीत आठ तारा एकाच वेळी एकेका अक्षराचा अंक वाहून नेतात. एक तार 'घे' म्हणून खूण करते, आणि दुसरी 'थांब, माझे काम चालू आहे' असे परत कळविते. पुढे १९९६ साली यू.एस.बी.चे नियम प्रसिद्ध झाले, आणि हळूहळू ती रुंद खोबण संगणकांवरून नाहीशी झाली. परंतु एका टोकास यू.एस.बी. आणि दुसऱ्या टोकास ३६ संपर्कांची खोबण अशी केबल बाजारात मिळते. ती आमच्या विद्यार्थ्याने सोबत आणली होती. ती जोडली, विंडोजमध्ये 'केवळ मजकूर' अशा अर्थाचा जो साधा ड्रायव्हर आजही असतो तो निवडला, आणि थोरला तत्काळ खडखडू लागला.

जवळजवळ तीस वर्षांच्या प्रिंटरने कालपरवाच्या संगणकाचे बोलणे कसे ओळखले? ह्याचे कारण असे की, त्यांची भाषा दोघांच्याही आधीची आणि सर्वांची आहे. इंग्रजी मोठ्या 'ए' अक्षरास ६५ हा अंक द्यावयाचा, असे अमेरिकेत १९६३ साली ठरले. ६५ आला की 'ए'चे ठिपके उमटवावयाचे, हे थोरल्याच्या पोटात कोरलेले आहे. अक्षर जाड करणे, ओळ दाट करणे, ह्यांसाठीचे संकेतही २७ ह्या अंकाने आरंभ होतात, आणि ते सर्व प्रिंटरसोबत येणाऱ्या पुस्तिकेत उघड छापलेले असत. ती पुस्तिका भाऊसाहेबांनी कपाटात जपून ठेवली होती. ज्याची भाषा उघड आहे त्याच्याशी कोणीही केव्हाही बोलू शकतो.

परंतु दाखला मराठीत असतो, आणि येथे नवा पेच पडला. मराठी मजकूर पाठविताच थोरल्याने कागदावर प्रश्नचिन्हांची रांग काढली. त्याच्या पोटात इंग्रजी अक्षरे आहेत; 'क' काय आणि 'ज्ञ' काय, त्याच्या गावीही नाही. ही अडचण आपल्या देशास नवी नाही. कानपूरच्या आय.आय.टी.त आरंभिलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने वाढविलेले जिस्ट नावाचे कार्ड संगणकात बसवून लोक पडद्यावर आणि कागदावर देवनागरी आणीत असत. ती सी-डॅक संस्था १९८८ साली स्थापन झाली. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतपद्धती १९९१ साली प्रमाण ठरली. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांस एका छत्राखाली आणू पाहणाऱ्या युनिकोडचा पहिला भागही प्रसिद्ध झाला, आणि त्यात देवनागरी होती. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते ह्याच युनिकोडच्या बळावर. परंतु संगणकास 'क' ठाऊक झाला म्हणून जुन्या प्रिंटरास तो ठाऊक होत नाही. त्यास अक्षर न सांगता चित्र सांगावे लागते: ह्या उभ्या रेघेत पहिली, तिसरी व चौथी पिन आपट, मग पुढच्या रेघेत दुसरी आपट, असे पानभर. वेळ फार लागतो, परंतु ह्या रीतीने त्याच्याकडून कोणतीही लिपी लिहवून घेता येते.

आता धाकट्याकडे वळू. तो वयाने लहान, रूपाने देखणा. आणि तोच अधिक अडून बसला. ह्याचे मर्म असे आहे. लेसर प्रिंटर स्वस्त करण्यासाठी त्या काळच्या कित्येक उत्पादकांनी त्यातील बुद्धीचा भाग काढून टाकला. पान कसे दिसावे हे सर्व संगणकानेच आखावयाचे, आणि प्रिंटरने केवळ ठिपक्यांचा हुकूम पाळावयाचा, अशी ही योजना. ह्या जातीच्या काही प्रिंटरांस तर वीज लावताच आपण काय करावयाचे ह्याची सूचनासुद्धा प्रत्येक वेळी संगणकाकडून मागून घ्यावी लागते. हुकूम कोणत्या भाषेत द्यावयाचा हे मात्र उत्पादकाने जाहीर केले नाही. त्याने एक दुभाषी बनवून सोबतच्या तबकडीत घालून दिला. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. आमच्या धाकट्याचा दुभाषी ३२ बिटांच्या विंडोजसाठी रचलेला होता. सन २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये निघालेली विंडोज ११ केवळ ६४ बिटांची आहे, आणि ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ३२ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही. उत्पादकाने नवा दुभाषी दिला नाही. जुन्यास दारात प्रवेश मिळेना. अंग धडधाकट असता धाकटा मुका ठरला, तो असा.

न्यायाची गोष्ट बोलावयाची तर नव्या संगणकाचा हट्ट अगदीच निराधार नाही. ड्रायव्हर संगणकाच्या अगदी आतल्या खोलीत वावरतो. तो सदोष असला तर साऱ्या घरास धोका. सन २०२१ मध्ये विंडोजच्या छपाईव्यवस्थेत 'प्रिंटनाईटमेअर' नावाने गाजलेला दोष उघडकीस आला. त्यातून परका मनुष्य दुरून संगणकाचा ताबा घेऊ शकत होता. तेव्हा कोणत्याही जुन्या ड्रायव्हरास ओळखीवाचून आत घ्यावे, असे आम्हीही म्हणणार नाही. कोठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून ड्रायव्हर उतरवून घेणे हे तर त्याहून वाईट. दार बंद ठेवणे योग्य असेल. पण आतील मनुष्याशी बोलण्यास खिडकी असावी की नाही, हा खरा प्रश्न होता.

ती खिडकी आमच्या विद्यार्थ्याने काढली. संगणककक्षातील कपाटात मोडीत निघालेला एक संगणक पडून होता; त्यास ती २५ छिद्रांची खोबणही होती. त्याच्यावर त्याने लिनक्स ही मुक्त प्रणाली बसविली. तिच्यात छपाईसाठी कप्स नावाची व्यवस्था असते; ती मायकेल स्वीट ह्या गृहस्थांनी रचून १९९९ साली प्रसिद्ध केली. नऊ व चोवीस पिनांच्या डॉट मॅट्रिक्सशी चित्ररूपाने बोलण्याची सोय तिच्यात पूर्वीपासून आहे. आणि धाकट्यासारख्या गुप्त भाषेच्या प्रिंटरांचे काय? केबलमधून कोणते अंक जातात हे टिपून, कोणत्या अंकाने कागदावर काय घडते हे ताडून, निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी त्यांपैकी कित्येकांची भाषा उलगडली, आणि नवे ड्रायव्हर लिहून सर्वांस फुकट दिले. आमच्या धाकट्याचा त्यांत समावेश होता. दोन्ही प्रिंटर त्या जुन्या संगणकास जोडले, आणि तो जुना संगणक शाळेच्या जाळ्यात नव्या संगणकास जोडला. नवा संगणक आता जुन्यास सर्वमान्य भाषेत निरोप देतो. जुना तो निरोप ज्याचा त्यास समजेल अशा बोलीत सांगतो.

ह्या मुक्त प्रणालींच्या चळवळीचा उगमही एका प्रिंटरपाशीच सापडतो, हे कळल्यावर आम्हांस मोठे नवल वाटले. सन १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेस झेरॉक्स मंडळीकडून एक लेसर प्रिंटर मिळाला होता. त्यात कागद अडके, आणि लोक आपापल्या खोलीत व्यर्थ वाट पाहत बसत. कागद अडकताच सर्वांस वर्दी मिळावी अशी सोय करण्याची तेथील रिचर्ड स्टॉलमन ह्यांची इच्छा होती. जुन्या प्रिंटरच्या बाबतीत तशी सोय त्यांनी केलीही होती. परंतु नव्याच्या आज्ञावलीचा मूळ मजकूर त्यांनी ज्याच्यापाशी मागितला, त्याने तो गुप्त ठेवण्याचे वचन दिलेले असल्यामुळे नकार दिला. ती गोष्ट स्टॉलमन ह्यांच्या मनास लागली. आणि पुढे १९८३ साली ग्नू ह्या मुक्त प्रणालीची घोषणा त्यांनी केली. ज्या झेरॉक्सचे नाव आपल्या बाजारात प्रत्येक नकलेस पडले आहे, त्याच मंडळीच्या प्रिंटरवरून हे सारे निघाले.

असो. दुपारी प्रथम थोरला तयार झाला. त्या मुलीचा दाखला त्याच्यात घातला. देवनागरी अक्षर तो ठिपक्या-ठिपक्यांनी काढू लागला; एका दाखल्यास कित्येक मिनिटे लागली, आणि सारी रांग त्याच्याकडे टक लावून उभी होती. अक्षर किंचित खडबडीत, परंतु नाव, जन्मतारीख व शेरा स्वच्छ वाचता येत होते. मुख्याध्यापकांनी सही केली, भाऊसाहेबांनी शिक्का मारला. मुलीने दाखला दोनदा वाचला आणि वडिलांस वाचून दाखविला. मग ती दोघे चारची एस.टी. गाठण्यास निघून गेली. संध्याकाळपर्यंत धाकटाही बोलू लागला, आणि दुसऱ्या दिवशी रांग संपली.

ह्यावरून कोणतेही जुने यंत्र जपून ठेवावे, असे अनुमान कोणी काढू नये. लेसर प्रिंटरातील रबराचे रूळ कडक होतात, शाई भाजून बसविणारा भाग झिजतो, टोनर मिळेनासे होते. आणि सुटे भाग संपले म्हणजे भाषा जाणून उपयोग नसतो. तशी वेळ आली तर ते यंत्र रस्त्यावरच्या भंगारवाल्यास देऊ नये. सन २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आहेत, आणि प्रिंटर व त्यांची कार्ट्रिजे त्या नियमांत येतात. नोंदणीकृत पुनश्चक्रण करणारांकडे ती पोहोचविणे हेच योग्य. नवा प्रिंटर घेणारांसही एक सूचना करावीशी वाटते. अलीकडच्या बहुतेक प्रिंटरांस स्वतंत्र ड्रायव्हर लागत नाही. ॲपलची एअरप्रिंट २०१० साली आली, त्यानंतर सर्व उत्पादकांसाठी आय.पी.पी. एव्हरीव्हेअर हे नियम झाले, आणि मायक्रोसॉफ्टनेही २०२३ साली उत्पादकांच्या निरनिराळ्या ड्रायव्हरांचा काळ संपवीत आणण्याचा मनोदय जाहीर केला. तेव्हा दुकानात गेल्यावर दर मिनिटास किती पाने निघतात हे अवश्य विचारावे; परंतु हा प्रिंटर अशी उघड, सर्वमान्य भाषा बोलतो काय, हे त्याआधी विचारावे. दहा-पंधरा वर्षांनी दुसरा कोणी संगणक त्याच्यासमोर येऊन बसेल, तेव्हा ह्या प्रश्नाचे मोल कळेल.

भाऊसाहेबांनी ह्या सर्व जोडणीची कृती एका वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे: कोणती कळ आधी दाबावी, कोणता संगणक प्रथम चालू करावा, कागद अडकला तर काय करावे. ती वही थोरल्याच्या पुस्तिकेशेजारी कपाटात ठेवली आहे. आमच्या शाळेतून बाहेर पडून तुमच्यापैकी काही जण यंत्रे बनवितील, काही आज्ञावल्या लिहितील, आणि बहुतेक जण कोठल्यातरी कचेरीत दुसऱ्याने मांडलेले काम पुढे चालवितील. तुम्ही जे जाणता ते मागून येणारास समजेल अशा साध्या शब्दांत लिहून ठेवा, आणि ते कुलपात ठेवू नका, एवढेच आमचे तुम्हांस सांगणे आहे.